आई-बाबा, पोस्टातले पैसे मोडू नका

धायरी, पुणे
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर पैशाचं बोलायला गेलं की बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई "जेवलीस का" विचारते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून आज रविवारची लिहायलाच बसले आहे. लेक झोपली आहे, तुमचे जावई दळण आणायला गेलेत.

बाबा, दिवाळीत तुम्ही म्हणालात, "पोस्टातले सहा लाख मोडतो, तुझ्या कर्जात भर." तेव्हा मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते. नको.

तुमचं गणित चुकलेलं नाही. मी ते दोनदा मांडून पाहिलं. आमचं कर्ज आता ३६ लाखांच्या आसपास आहे, व्याज साडेआठ टक्के. सहा लाख एकदम भरले तर कर्ज अडीच वर्षांहून जास्त आधी फिटतं आणि व्याजाचे सात-साडेसात लाख वाचतात. पण ज्येष्ठ नागरिक योजनेतल्या त्या सहा लाखांवर तुम्हाला ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांना १२,३०० रुपये मिळतात. कारखान्याचं पेन्शन किती येतं ते मला माहीत आहे. ते १२,३०० गेले तर घरात काय उरेल? आत्ता मोडलं तर एक टक्का, म्हणजे सहा हजार, पोस्टातच कापले जातील. ते सहन करता येईल एक वेळ. पण घराच्या कर्जात गेलेला पैसा रात्री दोन वाजता दवाखान्यात भरायला परत काढता येत नाही. पोस्टातला निदान मोडता तरी येतो.

आणि आमची धडपड तुम्हाला वाटते तशी केविलवाणी नाही. तुम्हाला तसं वाटायचं कारण मीच आहे, कारण २०२३ साली मी फोनवर रडले होते. तेव्हा काय झालं होतं ते कधी नीट सांगितलंच नाही. मार्च २०२२ मध्ये ४० लाख घेतले ते सात टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, हप्ता ३१,०१२. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो रेपो दर तेव्हा चार टक्के होता, आणि आमचं व्याज त्याच्यासोबत वर-खाली होतं. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला आणि आमचं व्याज साडेनऊ झालं. हप्ता मात्र जुनाच कापला जात होता, म्हणून आम्हाला कळलंच नाही. शाखेत जाऊन विचारलं तेव्हा तिथल्या माणसाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. महिन्याचं व्याजच जवळपास हप्त्याएवढं झालं होतं. म्हणजे आम्ही महिनाभर पोटाला चिमटा काढून भरत होतो आणि मुद्दल जागचं हलत नव्हतं. त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही हप्ता ३७,३०० करून घेतला, म्हणजे मुदत २०४२ च्या पुढे जाणार नाही. या वर्षी फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो एक टक्क्याने उतरला. हप्ता कमी करून घेता आला असता. आम्ही तोच ठेवला. शिवाय गेल्या वर्षीच्या जूनपासून महिन्याला पाच हजार वर भरतो. बाबा, तुमच्या वेळी मुदतीआधी फेडलं की दंड लागायचा, ती धास्ती तुमच्या मनात अजून आहे. बदलत्या दराच्या घरकर्जावर आता तो घेता येत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. एकच सांभाळावं लागतं. पहिल्यांदा जास्तीचे पैसे भरले तेव्हा बँकेने मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून टाकला. मला अर्ज देऊन तो परत वाढवावा लागला. तेव्हापासून दर वेळी "हप्ता तोच, मुदत कमी करा" असं लिहूनच देते आणि नवा तक्ता मागून घेते.

असंच चाललं आणि दर एवढाच राहिला तर कर्ज २०३६ च्या दिवाळीच्या सुमारास फिटेल. पाच हजार वर भरले नाहीत तर २०३९ उजाडेल. २०३६ मध्ये तुमची नात अठरा वर्षांची असेल, बारावी झालेली. तिच्या कॉलेजची फी आणि घराचा हप्ता एकाच पगारातून जायला नको, एवढ्यासाठी हे सगळं चाललं आहे.

आता आई, हे तुझ्यासाठी. पहिले सहा महिने आमचं बजेट दर महिन्याला मोडायचं. वहीत सगळं बरोबर असायचं, किराणा अकरा हजार, दूध-भाजी साडेसात, आणि तरी एप्रिलला शाळेची फी, जूनला रेनकोट-बूट, मग गणपती, मग विम्याचा हप्ता. प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, हा महिना जरा वेगळा होता. मग एकदा तुझा तुरीच्या डाळीचा डबा आठवला. दिवाळी झाली की तू त्यात पैशांच्या कागदी पुड्या ठेवायचीस, वरती पेन्सिलीने लिहिलेलं असायचं: गहू, ज्वारी, मिरच्या. एप्रिलमध्ये वर्षाचं धान्य आणि तिखट भरायचं तेव्हा तुला कुणाकडे हात पसरावा लागला नाही. आणि बाबांचा पगार तर कारखान्यात कधीकधी दोन-दोन महिने थकायचा! मी वर्षभराचे सगळे मोठे खर्च एका पानावर लिहिले, बाराने भागले आणि तेवढे पैसे पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायला लागले. त्या खात्याला आम्ही घरात "आईचा डबा" म्हणतो. तेव्हापासून बजेट टिकतंय. बाहेरचं खाणं कमी करून जेवढे वाचले त्याहून कितीतरी जास्त याने वाचले, कारण क्रेडिट कार्डाचं व्याज भरायची वेळच आली नाही.

ऑगस्टमध्ये लेकीला डेंग्यू झाला तेव्हा विम्याने सगळं दिलं नाही, चौदा हजार खिशातून गेले. दोन महिने वरचे पाच हजार भरले नाहीत. भरले नाहीत तर नाहीत. तीन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला आहे, तिला हात लावावा लागला नाही, यातच मला समाधान वाटलं.

आता जे खरं बोलायचं होतं ते. त्या वहीत हप्त्याच्या खालोखाल दुसरी ओळ आहे: "कराड, ६,०००", म्हणजे दर महिन्याला तुम्हाला पाठवायचे. पाच हजार भरायचे की नाहीत यावर आमचं दर महिन्याला बोलणं होतं. कराडच्या ओळीवर कधीच होत नाही. आणि तुम्ही काय केलंत? सप्टेंबरचे आणि ऑक्टोबरचे पैसे माझ्याच खात्यात परत पाठवलेत. काकूने सांगितलं की बाबांनी पेपर बंद केलाय. आईचा दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू डॉक्टरांनी जुलैमध्येच काढायला सांगितला होता, आणि मला मात्र तू म्हणालीस की थंडीत बघू. दिवाळीत तू मला सुईत दोरा ओवायला दिलास तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मला फार लागलं ते. तुम्ही उपाशी राहून माझं घर लवकर फिटणार असेल, तर मला ते २०४२ लाच फिटलेलं चालेल. तुमची काटकसर माझ्या वहीत जमेला धरायची नाही मला. तुम्ही परत पाठवलेले बारा हजार मी कर्जात भरले नाहीत. ते आणि वेगळ्या खात्यातले मिळून ३५ हजार आईच्या डोळ्यासाठी ठेवले आहेत.

शुक्रवारी, १२ डिसेंबरला रात्री मी आणि लेक एसटीने येतोय. शनिवारी सकाळी साडेदहाची डॉक्टरांची वेळ मी फोन करून घेतली आहे. आई, आधीचे कागद आणि चष्म्याचा नंबर काढून ठेव. बाबा, पेपरवाल्याला सोमवारपासून पेपर टाकायला सांगा, मी काकूला विचारणार आहे. आल्यावर तुमचं पोस्टाचं पासबुक बघायचं आहे मला, वारस म्हणून आईचं नाव लागलंय ना, एवढ्याचसाठी.

तुमची,
ताई