सुमे, मर्यादवेलीला फूल आलं

प्रिय सुमे,

दीड वर्ष पत्र नाही, तुझे फोन उचलले नाहीत, कारण सांगायला आत्ता धीर आलाय. तू दिलेल्या, समुद्रकाठच्या वाळूत पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या सहा बियांपैकी पाच मी घालवल्या. पॉलिश पेपरवर घास म्हणालीस, कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही, म्हणून तर त्या समुद्रात महिनोन्‌महिने तरंगून कुठल्यातरी किनाऱ्याला लागून रुजतात. मी तशाच पेरल्या. काहीच उगवेना तेव्हा उकरून इतक्या घासल्या की आतला गर दिसला, मग रात्रभर भिजवल्या आणि कुजल्या. एकच वाचली.

तिला आज सकाळी फूल आलं गं! जांभळट गुलाबी, घशात गडद. दुपारी मिटलंसुद्धा. घरात दाखवलं तर म्हणे बेशरमीच्या झुडपाच्या फुलासारखंच दिसतंय. नातं आहे दोघींचं, मान्य, पण तू असतीस तर त्यांना चांगलं सुनावलं असतंस.

आता खरी काळजी. बुंध्याजवळची पानं पिवळी पडतायत आणि खोड बोटाला मऊ लागतंय. वाळू जास्त घाल, खत नको, हे तू शंभरदा सांगितलेलंस, पण मला राहवलं नाही, उन्हात तापलेली कुंडी बघून रोज पाणी घालत गेले, वर शेणखत. जी वेल कोरड्या, खारट वाळूत, जिथे पाणी पडलं की लगेच खाली निघून जातं, तिथे आनंदाने पसरते तिची मुळं मी चिखलात बुडवली. कोरफडीच्या वेळी हेच झालं होतं, तू महिनाभर बोलली नव्हतीस, मला तेव्हा फार राग आलेला. आता वाटतं तुझंच बरोबर होतं.

पुढच्या पेरांना बारीक मुळं फुटलीत. तिथून कापून नुसत्या वाळूत लावली तर जगेल, हे कळतंय. पण कळ्या त्याच फांदीवर आहेत, तीन मोजल्या, कापलं की त्या गळतील. आणि थांबले तर कूज वर चढेल. कात्री दोनदा हातात घेतली नि ठेवली. पाणी मात्र परवापासून बंद केलंय.

माझी तब्येत ठीक. तुझी बदली झाली ना? आईंचा गुडघा कसा आहे? सगळं नीट लिही, पण आधी एवढंच कळव, कापू की कळ्या फुलेपर्यंत थांबू? पत्राची वाट नको बघायला लावूस, फोन कर, या वेळी उचलेन.

तुझी,
नीलू