काळ्या खिडकीची तक्रार

पुणे
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू जरा चिडलेलाच होतास. "दिवाळीत विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून दिलंस तेव्हा म्हणालास, विंडोजसारखंच आहे, माउस फिरव. आणि आता काही विचारलं की त्या काळ्या खिडकीत टाइप करायला लावतोस." तेव्हा धड उत्तर सुचलं नाही, म्हणून हे सावकाश लिहितोय.

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तुझ्या लॅपटॉपवर ११ चढेना, म्हणून आपण हा उद्योग केला. शाळेची कामं सोडून तू लिनक्स शिकत बसावंस, असं माझ्या मनातही नव्हतं. वाय-फाय, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, अपडेट हे सगळं माउसने होतं, माउसनेच कर. मीही तेच करतो. टर्मिनलशिवाय, म्हणजे तुझ्या त्या काळ्या खिडकीशिवाय, लिनक्स म्हणजे पोरखेळ, असं कुणी सांगायला आला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

मग मी कमांड, म्हणजे त्या खिडकीत टाइप करायच्या ओळी, का पाठवतो? आवाज येत नव्हता तेव्हाचा आपला पाऊण तास आठव. "खाली उजवीकडे काय दिसतंय?" "कर्णा." "त्यावर उजवं क्लिक कर." "केलं, पण तू म्हणतोस ते इथे नाहीच." असणार कसं? तू मिंटच्या सिनॅमनवर, मी उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या ग्नोमवर. पडद्यावरची बटणं आणि मेनू मांडणारे हे डेस्कटॉपच वेगळे. केडीई नावाचा आणखी एक डेस्कटॉप १९९६ साली सुरू झाला, ग्नोम १९९७ साली, आणि तेव्हापासून ज्याने त्याने आपापली चूल मांडलीय. तुझी बटणं मला दिसत नाहीत, माझी तुझ्याकडे नसतात. आतलं यंत्र मात्र दोघांचं बरंचसं सारखं. मी एक ओळ पाठवली की ती तुझ्याकडेही चालते, आणि तिने काय उत्तर दिलं ते तू जसंच्या तसं मला पाठवू शकतोस. यात सोय जास्त माझीच आहे, हे कबूल.

त्यातही मी माती खाल्ली. आवाजासाठीची ती ओळ मी मोबाइलवर टाइप केली आणि कीबोर्डने आगाऊपणा करून तिच्यातल्या 'सुडो'चा, म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने काम करायला सांगणाऱ्या शब्दाचा, एस मोठा केला. लिनक्सला मोठा एस आणि छोटा एस ही दोन वेगळी अक्षरं. तुला आलं 'कमांड नॉट फाउंड', आणि तुला वाटलं लॅपटॉप बिघडला.

दुसऱ्या ओळीला तर काळ्या खिडकीने काहीच उत्तर दिलं नाही, म्हणून तू तीनदा एंटर दाबलंस! अरे, गप्प बसली म्हणजे काम झालं. ही खोड जुनी आहे. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स, म्हणजे लिनक्स ज्याच्या वळणावर बनलं ती प्रणाली, लिहायला घेतलं तेव्हा समोर आजच्यासारखा पडदा नव्हता, टेलिटाइप होता. सेकंदाला १० अक्षरं कागदावर खडखडत छापणारा. अशा यंत्राला कोण गप्पा मारायला लावेल? एलएस (यादी दाखव), सीपी (प्रत काढ), आरएम (पुसून टाक) अशी कमांडची तोकडी नावंही त्याच काळातली.

आता तुझ्या कामाचं. स्नेहसंमेलनाचे १४६ फोटो लहान करून तालुक्याला पाठवायचे आहेत ना? नावं बदलायला टर्मिनल नको. सगळे फोटो निवड, एफ-२ दाब. मिंटमधलं नावं बदलणारं बल्की उघडतं आणि नवी नावं आधी दाखवूनच बदलतं. आकार लहान करायला मात्र १४६ वेळा फोटो उघडून सेव्ह करत बसू नकोस. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून इमेजमॅजिक घे, ते सगळ्या फोटोंवर एकगठ्ठा काम करतं. फोटोंच्या फोल्डरातच 'लहान' नावाचा फोल्डर कर. मग रिकाम्या जागी उजवं क्लिक करून 'ओपन इन टर्मिनल' निवड आणि ही ओळ रोमनमध्ये, सगळी छोटी अक्षरं, टाइप कर:

मोग्रिफाय -पाथ लहान -रिसाइझ १००० *.जेपीजी

फोल्डरचं नाव तेवढं मराठीतच. प्रत्येक फोटो १००० पिक्सेल रुंदीचा होऊन 'लहान'मध्ये जाईल, मूळ फोटो जागेवर राहतील. 'पाथ' विसरलास तर मूळ फोटोच लहान होतील, तेवढं सांभाळ. आणि फोल्डरचं मराठी नाव टर्मिनलमध्ये विचित्र दिसलं, मात्रा एकीकडे नि अक्षर दुसरीकडे, तर घाबरू नकोस. मात्रा नि जोडाक्षरं नीट जुळवणं बऱ्याच टर्मिनलना जमत नाही, फाइलला काही होत नाही.

तुझी भीती मात्र अगदीच खोटी नाही. चार वर्षांपूर्वी आप्पांच्या जुन्या फोटोंचे स्कॅन एका फोल्डरात होते. त्यातल्या जेपीजी प्रती काढून टाकायच्या, मोठ्या टिफ फाइली ठेवायच्या, एवढंच काम. आरएम लिहिलं, पुढे तारा (*), पुढे डॉट जेपीजी. तारा आणि डॉट यांच्यामध्ये बोट स्पेसबारला लागलं. एकटा तारा म्हणजे 'सगळं'. तिने सगळं पुसलं आणि वर मला कळवलं की '.जेपीजी' नावाची फाइल काही सापडत नाही! कचराकुंडी वगैरे तिथे नसते. निम्मे स्कॅन ताईच्या पेन ड्राइव्हवर निघाले, बाकीचे आल्बम उचकटून पुन्हा केले. तेव्हापासून पुसायचं काम मी फोल्डरच्या खिडकीतच करतो, डोळ्यांनी बघून, डिलीटचं बटण दाबून. तूही तेच कर.

फोटो बुधवारपर्यंत कर आणि अडलास तर रात्री आठनंतर फोन कर. या वेळी बटणं विचारणार नाही. वहिनींना नमस्कार, ओवीला आशीर्वाद.

तुझा,
सुनील

ता. क. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबलं की कॉपी होत नाही, चालू काम बंद पडतं. कॉपी-पेस्टला सोबत शिफ्टही दाबायचं. परवा ती अपडेट मध्येच का थांबली, ते आत्ता लक्षात आलं.