तुमच्या ‘स्मॉल ब्रीड पपी किट’मध्ये स्मॉल नक्की काय आहे?

कस्टमर केअर टीम,

नमस्कार. हा माझा तिसरा मेल. आधीच्या दोन्ही मेलना शब्दन् शब्द सारखंच उत्तर आलं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत आणि वापरलेली वस्तू परत घेता येत नाही. अहो, पिल्लाला घालून बघितल्याशिवाय हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) मोठा होतोय हे कळणार कसं? म्हणून आता सगळं एकदाच सविस्तर लिहितेय, फोटो जोडलेत, ऑर्डर नंबर विषयात टाकलाय, या वेळी निदान कुणीतरी माणसाने वाचावं ही विनंती.

आमची चिंगी घरी आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती. पोमेरेनियन, वजन 900 ग्रॅम. घरात कुत्रं पहिल्यांदाच येत होतं, काय लागतं काय नाही याची आम्हाला शून्य कल्पना, म्हणून तुमचं किट मागवलं कारण बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की लहान जातीच्या पिल्लाला पहिल्या दिवसापासून लागणारं सगळं आत आहे, वेगळं काही घ्यायला नको. बॉक्स रिकामा केला तशी चिंगी जाऊन त्यात बसली, आणि खरं सांगते, अख्ख्या किटमधली तिच्या मापाची वस्तू तेवढी एकच निघाली. पुठ्ठ्याचा बॉक्स.

हार्नेसपासून सुरू करते. त्यावर ‘एस’ लिहिलंय. सगळे पट्टे पार शेवटपर्यंत आवळले तरी आतून माझी अख्खी मूठ जाते, खरं तर दोन बोटं जाण्याइतकीच जागा हवी. टेप लावून मोजलं, चिंगीच्या छातीचा घेर 23 सेंटीमीटर आणि तुमचा हार्नेस 34 च्या खाली येतच नाही. हॉलमध्ये घालून बघत होतो, तिने दोन पावलं मागे घेतली, मान खाली घातली आणि स्वेटर काढावा तशी त्यातून बाहेर, आणि वर शेपटी हलवत उभी. लसी पूर्ण व्हायच्यात म्हणून आम्ही तिला अजून खाली नेत नाही हे नशीब, रस्त्यावर असं झालं असतं तर? तुमच्या माणसाचं म्हणणं की पिल्लू मोठं झालं की बसेल. मग किट पहिल्या दिवसासाठी कशाला विकता?

बरं हार्नेस नाही तर गळपट्टा वापरा असं चॅटवर सांगण्यात आलं, आणि माहितीपत्रकातही लीश (फिरवताना धरायची दोरी) गळपट्ट्यालाच अडकवून चालायला शिकवा असं छापलंय. आमच्या डॉक्टरांनी ते वाचून कपाळाला हात लावला. पोमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर असल्या जातींची श्वासनलिका नाजूक असते, तिच्या कड्या चपट्या पडायचा त्रास यांच्यात बराच दिसतो आणि मग बदक ओरडल्यासारखा खोकला येतो. गळ्याला हिसका बसायला नको म्हणून तर यांना हार्नेस हवा, गळपट्टा फक्त नाव-नंबरचा बिल्ला लावायला. आणि ती लीश! किचनच्या काट्यावर ठेवली, 180 ग्रॅम भरली. म्हणजे चिंगीच्या वजनाचा पाचवा हिस्सा. साठ किलोच्या माणसाच्या गळ्यात बारा किलो अडकवून चल म्हणण्यासारखं आहे हे.

भांड्यांबद्दल फार लिहीत नाही, इतकी खोल आहेत की पाणी प्यायला तिला पुढचे दोन्ही पाय आत टाकावे लागतात. पहिल्याच दिवशी पूर्ण आत पडली. आता चहाची बशी वापरतो.

यापुढचं मात्र नीट वाचा, कारण माझा खरा राग इथे आहे. किटमधल्या खाण्याच्या पाकिटावर पुढे गोंडस छोट्या कुत्र्याचा फोटो आणि मागे बारीक अक्षरात काय, तर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी. एकेक दाणा तिच्या नाकाएवढा. तोंडात घ्यायची, इकडून तिकडे फिरवायची आणि टक् करून फरशीवर सोडायची. आम्हाला वाटलं नवीन घर आहे, रुळेल हळूहळू. त्यात तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय दिवसातून दोनदा खायला द्या, आम्ही आपलं आज्ञाधारकपणे दोनदा देत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर चिंगी मान उचलेना, उभी केली तर दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खातेय, अंग थरथरतंय, डोळे कुठेतरी भलतीकडेच. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले तोंडात काही ओतू नका, ठसका लागेल, बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळा आणि तशीच उचलून आणा. रक्तातली साखर उतरली होती. एवढ्याशा जिवात साठा असा नसतोच, यकृतात थोडी साखर, अंगावर चरबी नावालाच, त्यामुळे काही तास पोट रिकामं राहिलं की गाडी थांबते. या वयात चार वेळा तरी थोडं थोडं द्यायचं आणि रात्रीची गॅप कमीत कमी ठेवायची, हे डॉक्टरांनी सांगितलं. ती वाचली. पण क्लिनिकच्या टेबलावर टॉवेलमध्ये गुंडाळलेली चिंगी आणि माझ्या बोटाला मधाचा चिकटपणा, हे मी विसरणार नाही.

मोठ्या जातीचं खाणं मुद्दाम वेगळं बनवतात, त्यांची हाडं भराभर वाढू नयेत म्हणून त्यात कॅल्शियम आणि कॅलरी मोजून असतात. लहान जातीचं पिल्लू वर्षाच्या आतच जवळपास पूर्ण वाढतं, पोट इवलंसं आणि वजनाच्या मानाने भूक जास्त, त्याला बारीक दाण्याचं, कमी घासात जास्त ताकद देणारं खाणं लागतं. हे मला डॉक्टरांकडून दहा मिनिटांत कळलं, तुमचा तर धंदाच हा आहे ना.

आणि ते ‘बोनस गिफ्ट’, गोचिडांचे ड्रॉप्स. त्याच्या पाकिटावर स्पष्ट छापलंय 2 ते 10 किलो. 900 ग्रॅमच्या पिल्लाच्या मानेवर मी ते लावलं असतं तर? सुदैवाने आधी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी हातातून काढूनच घेतलं.

पिंजरा (तुम्ही क्रेट म्हणता) एवढा की आमचा शाळेतला मुलगा आत बसतो, मधे घालायचं पार्टिशन नाही. कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही म्हणून पिंजरा उभं राहून वळता येईल एवढाच ठेवायचा असतो, चिंगीने इथे एका कोपऱ्यात बेडरूम केली आणि दुसऱ्यात बाथरूम. शूचे पॅड मात्र चांगले आहेत, हे मान्य करते, एक थेंब खाली झिरपला नाही. पण सोबतच्या क्लीनरला अमोनियाचा वास, तो तिला स्वतःच्याच शूसारखा वाटतो बहुतेक, पुसलं की परत तिथेच येऊन बसते.

चावायचं खेळणं पहिल्या संध्याकाळीच फाटलं, आतली शिट्टी मी तिच्या तोंडातून बोट घालून काढली. हाड म्हणून दिलेली वस्तू इतकी कडक की नख रुतत नाही, त्यावर दुधाचे दात तुटतील.

माझं म्हणणं एवढंच आहे की लहान पिल्लू आणि लहान जातीचं पिल्लू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅब्राडोरचं नऊ आठवड्यांचं पिल्लू पाचेक किलोचं असतं, हे किट त्याला बरोबर होईल. आमची पूर्ण वाढली तरी दोन-तीन किलोची होणार. तुम्ही एकच माल भरून वर वेगळा स्टिकर लावलाय असा माझा सरळ आरोप आहे, नसेल तर तसं लेखी कळवा.

मला पूर्ण पैसे परत हवेत, कूपन नको, आणि त्या सकाळचं डॉक्टरांचं बिलही जोडलंय. दुसरं, बॉक्सवर छातीचा घेर आणि वजन आकड्यांत छापा, ‘एस’ने काही कळत नाही. आणि ते दिवसातून दोनदा वालं माहितीपत्रक आजच्या आज थांबवा, हे पैशांच्या आधी करा. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार, कागद तयार आहेत.

पॅड सोडून सगळं सामान एका बाजूला काढून ठेवलंय. न्यायला माणूस पाठवाल तर आधी फोन करायला सांगा, बेल वाजवू नका, दुपारी ती झोपलेली असते. आणि बॉक्स दुसरा आणा, तुमचा तिने सोडलेला नाही.

चिंगीची आई