नववीच्या वर्गाला ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर पुण्यातील शाळांमध्येही बालसुरक्षेविषयी हालचाल झाली. सीसीटीव्ही कॅमेरे वाढले, तक्रारपेट्या लागल्या, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असणाऱ्या सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावे फलकावर आली आणि शालेय वाहनांच्या चालकांची पोलीस पडताळणी पालक स्वतःहून विचारू लागले. हे सगळे आवश्यकच होते. परंतु आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना लैंगिक अत्याचार ओळखायचा कसा आणि तो घडल्यास पुढे काय करायचे, याचे शिक्षण आजही बहुतेक ठिकाणी वर्षातून एखाद्या व्याख्यानावर भागवले जाते. तेही सभागृहात दोनशे-तीनशे मुलांना एकत्र बसवून, आणि पुष्कळदा मुलग्यांना मैदानावर पाठवून. माध्यमिक शाळेत शिकवणारी शिक्षिका म्हणून मला याविषयी काही सांगायचे आहे.

लहान मुलांना ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवले जाते ते योग्यच आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची किंवा मुलाची अडचण मात्र वेगळी असते. तो स्पर्श वाईट आहे हे त्यांना कळलेले असते. कळत नाही ते पुढचे. या वयात मुले अशी गोष्ट आईला किंवा बाईंना आधी सांगत नाहीत, बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला किंवा मित्राला सांगतात आणि वर ‘कुणाला सांगू नकोस, तुला शपथ आहे’ असे बजावतात. शपथ घातलेले ते दुसरे मूलही तेवढ्याच वयाचे असते आणि मैत्री राखायची म्हणून गप्प राहते. म्हणून आठवी-नववीच्या वर्गात सर्वांत आधी काही शिकवायचे असेल तर ते हे, की मैत्रिणीने असे काही सांगितले तर तिच्यावर विश्वास ठेवावा, ‘तू तिथे गेलीसच कशाला’ असे विचारू नये, वर्गात चर्चा करू नये आणि तिच्यासोबत एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाकडे जावे. ती तयार नसली तरी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला स्वतः फोन करावा. तो क्रमांक चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि बोलणाऱ्याने स्वतः पीडित असण्याची अट नाही.

एका वर्गात या विषयावर बोलून झाल्यावर मी मुलांना नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या होत्या. चिठ्ठ्यांमध्ये शरीरशास्त्राचे प्रश्न असतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात विचारले होते ते असे: पोलीस वर्दी घालून घरी येतात का? मामाविरुद्ध तक्रार केली तर आईला घराबाहेर काढतील का? मुलगा असला तर केस होते का? फोटो आपणच पाठवला असेल तर आपल्यालाच शिक्षा होईल का? वहीच्या कोपऱ्यातून फाडलेल्या एका कागदावर ‘सांगितले आणि कुणाला खरे वाटले नाही तर?’ एवढीच ओळ होती, आणि ती दोनदा गिरवलेली होती.

यातल्या बहुतेक प्रश्नांना कायद्यात स्पष्ट उत्तरे आहेत आणि ती मुलांपर्यंत पोचलेली नाहीत, हे मला फार लागले. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, तो शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यावा आणि जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा, असे कायदाच सांगतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते. नाव, पत्ता, शाळा यांपैकी काहीही वर्तमानपत्रात छापता येत नाही. मुलाने दिलेली माहिती पुढे खोटी ठरली तरी त्याला शिक्षा नाही, आणि माहिती असूनही न कळवल्याची शिक्षा मोठ्यांना आहे, मुलांना नाही. ही उत्तरे मी वाचून दाखवली तेव्हा वर्ग शांत होता. तास संपल्यावर दोघीतिघींनी ती पुन्हा विचारून वहीत उतरवून घेतली.

मुलग्यांविषयी वेगळे लिहायला हवे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले होते आणि त्यांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीच्या आणि विश्वासातल्या माणसांचे प्रमाणही मोठे होते. त्याच वर्षी आपल्या राज्याने शाळांमधील किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता, याचे आजही वाईट वाटते. मुलग्याला ‘रडतोस काय, मुलगी आहेस का’ असे ऐकवणारे घर आणि त्याला या तासाला मैदानावर पाठवणारी शाळा, दोघेही त्याचे तोंड बंद करतात.

मोबाइलवरून होणारी फसवणूकही याच तासाचा भाग असायला हवी. आधी कौतुक, मग ‘हे आपल्या दोघांतच’ अशी गुपिते, मग एखादा फोटो आणि त्यानंतर धमकी, ही क्रमवारी मुलांना उघड करून सांगितली पाहिजे. धमकी आली तर आणखी फोटो किंवा पैसे पाठवू नयेत, संदेश पुसून टाकू नयेत, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते, हे त्यांना ठाऊक असावे.

आता शिक्षकांविषयी. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याचा अर्थ ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन कोणत्याही शिक्षकाने विद्यार्थ्याला देऊ नये. ते वचन मोडावे लागते, आणि मोडले की त्या मुलाचा मोठ्यांवरचा उरलासुरला विश्वासही जातो. ‘तू सांगितलेले ज्यांना कळणे गरजेचे आहे त्यांनाच कळेल आणि प्रत्येक पावलाला मी तुझ्यासोबत असेन’ असे सुरुवातीलाच सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. हे कसे बोलायचे, याचे प्रशिक्षण आम्हा शिक्षकांना मिळत नाही. मिळतो तो परिपत्रकाचा कागद. तक्रारपेटीचेही तसेच. एका शाळेत ती मुख्याध्यापकांच्या दालनासमोर, शिपायाच्या स्टुलाशेजारी आणि कॅमेऱ्याच्या बरोबर खाली लावलेली मी पाहिली. तिच्यात चिठ्ठी टाकायला कोणते मूल धजावेल?

२०२० च्या पॉक्सो नियमांनी मुलांच्या वयाला साजेसे वैयक्तिक सुरक्षिततेचे साहित्य आणि अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांवर टाकलेली आहे. म्हणजे मागणी नवी नाही, अंमलबजावणी बाकी आहे. आठवी ते दहावीच्या वेळापत्रकात महिन्याला निदान एक तास या विषयाला मिळावा, तो मुलामुलींना एकत्र आणि गरजेप्रमाणे वेगवेगळा घ्यावा आणि दहावीच्या जादा तासांसाठी तो कापला जाऊ नये. महिला पोलिसांच्या दामिनी पथकाच्या भगिनींनी शाळेत जरूर यावे, पण एका भेटीत हा विषय संपत नाही. तासानंतर मुले ज्यांच्याशी बोलू शकतील असा प्रशिक्षित समुपदेशक शाळेत असावा. लहान शाळांना परवडत नसेल तर चार-पाच शाळांनी मिळून एक नेमावा. पालकांची सभा आधी घ्यावी, कारण हा तास लैंगिक शिक्षणाचा आहे की सुरक्षिततेचा, या वादात तो बंद पडलेला मी पाहिला आहे.

जूनचे वेळापत्रक शाळा एप्रिल-मेमध्ये ठरवतात. त्यापूर्वी पुणे महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनी याविषयी स्पष्ट सूचना काढाव्यात आणि मुख्याध्यापकांसोबत वर्गशिक्षकांचेही प्रशिक्षण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी घ्यावे, अशी विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका, पुणे