जाहीर आवाहन : किट आहेत, गोळ्या आहेत, माणसे कमी पडत आहेत

स.न.वि.वि.

एचआयव्हीच्या पेशंटसाठी चाललेले आपल्या मंडळाचे काम आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ओळख करून देत बसत नाही. दिवाळी तोंडावर आली आहे. पाडवा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेत बारडोलीकडे निघतील. त्याआधी हे आवाहन घरोघरी पोचावे म्हणून घाईने लिहीत आहे.

1 एप्रिल 2004 पासून सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पण सुरुवातीच्या वर्षांत गोळ्यांसाठी फार लांब जावे लागे आणि एस.टी.चे भाडे पेशंटला परवडत नसे. ते भाडे पहिल्यांदा दिले आपल्या पिठाच्या गिरणीवाल्या जिभाऊंनी. स्वतः स्टँडवर येत, तिकिटाचे पैसे हातात ठेवत. कोणाला काय आजार आहे, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारले नाही. जिभाऊ आज आपल्यात नाहीत, पण कार्यालयात त्यांचे नाव निघाले नाही असा दिवस जात नाही. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांनी ड्रायव्हर-क्लीनरच्या तपासणी शिबिराला मांडव आणि दोन वेळचे जेवण दिले. निवृत्त मुख्याध्यापिका माईंनी स्वतःचे लोखंडी कपाट कुलपासह आणून दिले, कारण ‘कागद उघड्यावर राहू नयेत’. होळीच्या भोंगऱ्या बाजारात आपल्या पाड्यांवरच्या दोन मुली पावरी बोलीत बायांशी बोलत उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच बाया आपणहून तपासणीला पुढे आल्या. हे सारे आपल्या लोकांनी उभे केले आहे आणि त्याचा अभिमान आम्ही लपवणार नाही.

आता अडचण. सरकारी एचआयव्ही केंद्रावर तपासणीचे किट येतात, गोळ्या येतात, सगळे मोफत. पण समुपदेशकाची जागा रिकामी आहे, आणि एकटा तंत्रज्ञ आठवड्यातून दोन दिवस दुसरीकडे पाठवला जातो. त्या दिवशी आलेला माणूस मजुरी बुडवून परत जातो आणि बहुधा पुन्हा येत नाही. काहींना वाटते, बोट टोचले की झाले. तसे नाही. पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह (म्हणजे लागण असावी असे दाखवणारी) आली तर आणखी दोन वेगळ्या किटने रक्त तपासतात, तिन्ही जुळल्यावरच निदान होते. निकालाआधी बोलावे लागते आणि निकालानंतर तर फारच. किटला काही मिनिटे लागतात, समोर बसलेल्या बाईला तासभरही पुरत नाही. तिने गोळ्या घरात कुठे ठेवायच्या, सासूने विचारले तर काय सांगायचे, बसमध्ये बाटली खुळखुळू नये म्हणून आत कापसाचा बोळा कसा घालायचा, हे कोण सांगणार? 2017 पासून सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या रक्तपेशींची संख्या) कितीही असो, निदान झाले की लगेच उपचार सुरू होतात. निर्णय उत्तमच आहे, पण त्याने पेशंट वाढले, कर्मचारी वाढले नाहीत.

गरोदर बाईने वेळेत गोळ्या सुरू केल्या आणि चुकवल्या नाहीत, तर बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी कमी होते. बाळ सहा आठवड्यांचे झाले की त्याच्या रक्ताचे ठिपके कागदावर घेऊन पाठवायचे असतात. नेमकी तेव्हा बाळंतीण माहेरी, सातपुड्यात कुठेतरी वरच्या पाड्यावर. तिथे चालत जाणारे माणूसच नसेल तर मोफत चाचणीचा काय उपयोग? मागच्या हंगामात बारडोलीहून फोन आला, “भाऊ, गोया सरी गयात.” (गोळ्या संपल्या.) निघण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून द्यायला कोणी असते, तर तो फोन आला नसता.

गेल्या वर्षीही आम्ही हात पसरला होता. एका सभागृहाचा होकार होता, पण विषय एचआयव्हीचा आहे म्हटल्यावर चावी मिळाली नाही. एका देणगीदारांना पेशंटसोबत फोटो हवा होता. तो आम्ही दिला नाही आणि कधीही देणार नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची ओळख उघड करता येत नाही, आणि कायदा नसता तरी दिली नसती. त्याच पंधरवड्यात गावातल्या स्वागत कमानीची वर्गणी मात्र पूर्ण झाली. मनाला लागले, एवढेच लिहितो.

काय हवे ते : समुपदेशकाचे मानधन 15,000, पावरी व भिली बोलणाऱ्या दोन पाडा कार्यकर्त्यांचे प्रत्येकी 7,000, प्रवास 6,000, असे महिना 35,000 रु.; सहा महिन्यांचे 2,10,000 रु.; हाती 64,000 आहेत, 1,46,000 कमी पडतात. निवृत्त नर्सताई व डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) झालेले तंत्रज्ञ यांनी आठवड्यातून अर्धा दिवस द्यावा (वैद्यकीय अधीक्षकांची परवानगी मंडळ घेईल, गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही आवश्यक). पाडा कार्यकर्त्या फक्त लेखी संमती दिलेल्या रुग्णांच्याच घरी जातील. मोटारसायकल दोन दिवस उसनी दिली तरी चालेल. देणगी कार्यालयात सायं. 5 ते 7, रविवार बंद, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. खाते क्रमांक फलकावर आहे. नाव नको असल्यास तसे सांगावे. वसुबारसेपर्यंत रक्कम यावी, म्हणजे टोळ्या निघण्याआधी नेमणुका होतील. तपासणीबाबत शंका असल्यास 1097 हा मोफत क्रमांक आहे.

आपला नम्र,
सचिव