आजोबांच्या नडगीवरचा व्रण

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एमबीबीएस झालीस, आता परत हे कसलं शिक्षण? दवाखाना कधी टाकणार?" मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. तुम्हाला लागलं असणार ते. फोनवर मला नीट मांडता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आजोबांच्या उजव्या नडगीवर पांढुरका, सुरकुतलेला व्रण होता. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचे आणि ते म्हणायचे, "नारूचा आहे तो." नारू म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही. डॉक्टर होतानाही हा कृमीचा रोग समोर आला नाही, कारण भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पुस्तकातल्या दोन ओळी पाठ करून मी पुढे गेले.

इथे परदेशात कृमींच्या तासाला सरांनी एक काचेची बरणी सगळ्यांच्या हातून फिरवली. आत नारूची मादी, जाड दोऱ्यासारखी, जवळजवळ मीटरभर लांब. बरणी माझ्या हातात आली आणि मला आजोबांचा पाय दिसला. साठवणीचं पाणी पिताना डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लॉप्स नावाचे पाणकिडे पोटात जातात आणि त्यांच्यातून नारूच्या अळ्या. वर्षभर माणसाला पत्ता लागत नाही. मग पायावर फोड येतो, आग आग होते, माणूस गारव्यासाठी पाय पाण्यात बुडवतो, फोड फुटतो आणि त्याच पाण्यात हजारो अळ्या सुटतात. डोकावलेला नारू काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचा. घाईत तुटला तर पाय सुजतो, पिकतो. आजोबांनी हे सगळं सोसलं होतं आणि आम्हाला फक्त तीन शब्दांत सांगितलं.

याच्यावर ना औषध आहे, ना लस. एकदा होऊन गेला म्हणजे सुटका, असंही नाही. तरी १९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख लोकांना होणारा हा रोग २०२४ साली फक्त १५ जणांना झाला. पाणी कापडातून गाळून प्यायचं, फोड आलेल्याला तळ्यात उतरू द्यायचं नाही, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकायचं आणि गावोगाव हिंडून एकेक रुग्ण शोधायचा, एवढ्यावर हे झालं. ते १५ जण चाड आणि दक्षिण सुदानमधले. चाडमध्ये आता कुत्र्यांनाही नारू होतो, म्हणून लोकांना कुत्री बांधून ठेवायला आणि माशांची आतडी पुरून टाकायला सांगतात. बाबा, हे काम दवाखान्यात बसून होत नाही. मला हेच करायचं आहे, आणि तुमच्यापासून लपवून नाही करायचं.

दुपारी प्रयोगशाळा असते. मलेरियासाठी रक्ताचा जाड थेंब काचपट्टीवर घेऊन गिम्साच्या रंगाने रंगवतात आणि तेलाच्या भिंगाखाली बघतात. भिंगातून एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फील्ड; अशी शंभर फील्ड पाहिल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, असा दंडक आहे. मागच्या आठवड्यात मी साठावर थांबले आणि निगेटिव्ह लिहिलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त काचपट्टी परत माझ्या पुढ्यात सरकवली. त्र्याऐंशीव्या फील्डमध्ये एक चंद्रकोर दिसली, जांभळी, मधोमध गडद ठिपके. फाल्सिपॅरमच ती, मलेरियाचा जीवघेणा जंतू. खरा रुग्ण असता तर मी त्याला मलेरिया नाही म्हणून घरी पाठवला असता. त्या रात्री मला झोप आली नाही.

मलेरिया डासातून पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत सापडला. डासाच्या जठरात त्यांना मलेरियाचे जंतू दिसले, १९०२ साली नोबेल मिळालं. ते डास पोसले होते हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तावर. दर चाव्याला एक आणा मिळाला त्याला. पुढे त्याचं काय झालं, तो बरा झाला का, हे मी खूप शोधलं. नुसतं नाव हाती लागतं. मला ते फार लागून राहिलं आहे.

आई, तू घाबरतेस हे मला कळतं. फील्डवर्कला जायच्या आधी पिवळ्या तापाची लस घेईन, तिचं कार्ड जन्मभर चालतं. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या चुकवणार नाही, मच्छरदाणीतच झोपेन. एवढं मी शब्द देऊन सांगते. परदेशात एकटेपण जाणवतं, नाही असं नाही, पण वर्गात अर्धी मुलं माझ्यासारखीच घर सोडून आलेली आहेत. त्यातल्या कितीतरी जणांनी आम्ही पुस्तकात वाचतो ते रोग आपल्या घरात पाहिलेत.

बाबा, एक काम आहे. आजोबांचा नारू कोणी काढला होता? किती दिवस लागले? ते तेव्हा केवढे होते, पाणी कुठलं प्यायचे, घरात आणखी कोणाला झाला होता का? काकांनाही विचारा. तुम्हाला आठवेल तसं, मोडकंतोडकं का होईना, लिहून पाठवा.

तुमची लेक