बाबा, लेथ भंगारात देऊ नका

तीर्थरूप बाबांस आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, "आता पार्टच मिळत नाहीत, देऊन टाकतो भंगारात" असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात, आणि मागून आईचं "बरं होईल, जागा तरी होईल" हेही मला स्वच्छ ऐकू आलं. म्हणून हे पत्र. फोनवर आकडे सांगण्यात अर्थ नसतो. ते कुठल्यातरी पाकिटाच्या मागे लिहिले जातात आणि पाकीट रद्दीत जातं.

तुमच्या तक्रारी चार. एका चेंज गिअरचा (आट्यांचा पिच बदलायला अदलाबदल करतात त्यातल्या एकाचा) दात गेला, नव्या फोर-जॉ चकला, म्हणजे काम धरणाऱ्या चार जबड्यांच्या पकडीला, स्पिंडलवर बसवणारी बॅकप्लेट नाही, क्रॉस स्लाइडला (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाला) प्ले, म्हणजे सैलपणा, आलाय आणि मेट्रिक आटे पाडता येत नाहीत. यात बेडचं, म्हणजे खालच्या पायाचं, काही दुखणं नाही, काम फिरवणाऱ्या स्पिंडलचं नाही. हेडस्टॉकजवळ (स्पिंडलच्या टोकाला) बेड झिजून कॅरेज, म्हणजे टूल वाहून नेणारा भाग, तिथे सैल आणि टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाला) अडतंय अशी अवस्था असती, तर भंगारवाल्याला मीच फोन केला असता. पण ही चारही दुखणी बदलता येणाऱ्या किंवा नव्याने करता येणाऱ्या भागांची आहेत. त्यापायी अख्खं मशीन द्यायचं?

आणि पार्ट मिळत नाहीत हे मायफर्ड एमएल-७ लेथच्या मालकाने तरी म्हणू नये. १९४६ साली आलेलं हे मॉडेल मायफर्ड कंपनीने पुढे कित्येक वर्षं बनवलं. कारखाना २०११ मध्ये बंद पडला हे खरं, पण नाव दुसऱ्या कंपनीने घेतलं आणि बरेचसे भाग आजही नवे मिळतात. ज्यांच्या लेथवर कंपनीची पाटीसुद्धा उरलेली नाही, ते लोक एकेक भाग स्वतः करून मशीन चालवतात. तुमची अडचण वेगळी आहे. तुम्ही भेटेल त्याला "जुन्या लेथचा चाळीस दात्यांचा गिअर आहे का" असं विचारत राहिलात. असे गिअर ढिगाने असतात, पण साउथ बेंडच्या नऊ इंची लेथचे १८ डीपीचे, अ‍ॅटलसच्या दहा इंचीचे १६ चे आणि तुमचे २० चे. डीपी म्हणजे पिच व्यासाच्या (दाते एकमेकांत गुंततात तिथल्या व्यासाच्या) दर इंचामागे किती दाते. हा आकडा जुळला नाही तर बाकी सगळं जुळून उपयोग नाही. (अ‍ॅटलसचे गिअर तर झॅमॅकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे. ते फुकट मिळाले तरी तुम्हाला नकोत.)

आई, इथून पुढचं काम तुझं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घरात सगळ्यात बारीक तुलाच दिसतं, हे बाबाही कबूल करतात. तुटलेला गिअर रॉकेलने धुऊन कोरडा कर. एका दात्यावर खडूची खूण करून दाते मोज, तुटलेलाही धर. चाळीस येतील. मग व्हर्नियरने बाहेरचा व्यास घे, तुटलेला दात सोडून समोरासमोरच्या दोन दात्यांवर. दात्यांच्या संख्येत दोन मिळवून डीपीने भागलं की व्यास इंचांत येतो. ४२ भागिले २० म्हणजे २.१ इंच, म्हणजे ५३.३४ मिलिमीटर. तेवढं आलं तर गिअर अस्सल आहे. ५२.५ आलं तर मधल्या काळात कुणीतरी १.२५ मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे मिलिमीटरमधला पिच व्यास भागिले दाते) मेट्रिक गिअर आणून बसवला होता असं समजायचं. २० डीपी म्हणजे १.२७ मॉड्यूल, त्यामुळे हे दोन गिअर शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात, पण एकमेकांत गुंतवले की घरघर करतात आणि एकमेकांना खातात. दात तुटायचं कारणही कदाचित हेच असेल. बाबा म्हणतात की चिप अडकली. असेल. पण माप घेतल्याशिवाय मी मान्य करणार नाही.

दुसरं माप जरा नाजूक. व्हर्नियरचे जबडे चार दाते कवेत घेऊन बाहेरून लाव. नीट बसले असतील तर व्हर्नियर किंचित डोलवला तरी आकडा हलत नाही. तो लिहून ठेव. मग त्याच जागी पाच दाते घेऊन माप. दोन आकड्यांची वजाबाकी ३.८६ मिलिमीटरच्या आसपास आली तर दात्याचा प्रेशर अँगल (दाते एकमेकांना ज्या तिरक्या कोनात ढकलतात तो) साडेचौदा अंश, ३.७५ आली तर वीस. फरक एक दशांश मिलिमीटरचा आहे, म्हणून प्रत्येक माप गिअर फिरवून निरनिराळ्या ठिकाणी घे. दाते सारखे झिजले असतील तर ती झीज वजाबाकीत निघून जाते, त्याची काळजी करू नकोस. शेवटी मधल्या भोकाचा व्यास, कीवेची (चावीच्या खाचेची) रुंदी आणि गिअरची जाडी. झालं. हे आकडे आले की गिअर कोणत्या मॉडेलचा हे मला विचारावंच लागणार नाही.

कापायचं काम माझं. डिव्हायडिंग हेडचं (गोलाचे सारखे भाग पाडणाऱ्या साधनाचं) गुणोत्तर ४० ला १ आहे, त्यामुळे चाळीस दात्यांचा गिअर म्हणजे लाडाचं काम: दर दात्याला हँडलचा पुरता एक फेरा, भोकं मोजत बसायला नको. कटर २० डीपीचा, ३ नंबर. ३५ ते ५४ दात्यांपर्यंत तोच चालतो. खोली २.७४ मिलिमीटर. कीवे कसा काढायचा हे तुम्हीच दाखवलं होतंत, बाबा: स्पिंडल अडकवायचा, टूल आडवं धरायचं आणि कॅरेज हाताने पुढेमागे करत, दर खेपेला केसभर आत सरकवत खाच पाडायची. हात दुखतात, पण खाच सरळ येते. तुटलेल्या जागी खाच करून नवा दात ब्रेझ करायचा बेत मात्र सोडा. जाड रिमच्या मोठ्या गिअरवर तो टिकतो. इथे दात्याखाली धातूच किती आहे? आणि नवा गिअर बसून चालेपर्यंत तो तुटका फेकायचा नाही. नमुना तोच आहे.

मेट्रिक आट्यांचं सांगते. तुमचा लीड स्क्रू (आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) इंचाला ८ आट्यांचा, म्हणजे त्याचा पिच ३.१७५ मिलिमीटर. त्यातून नेमका मेट्रिक पिच काढायला १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ आणि २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. दीड मिलिमीटर पिचला वर ६० आणि लीड स्क्रूवर १२७, मध्ये आयडलर (नुसता जोडणारा गिअर), की हिशेब काटेकोर बसतो. दोन अडचणी. १२७ ही मूळ संख्या, डिव्हायडिंग हेडच्या साध्या इंडेक्सिंगने तेवढे भाग पडत नाहीत. आणि २० डीपीत त्याचा व्यास जवळजवळ १६४ मिलिमीटर होतो, तो कव्हरच्या आत मावेलच असं नाही. आधी तिथली जागा मोजा. नाही मावला तर ३७ आणि ४७ दात्यांची जोडी घ्या. ३७ भागिले ४७ हे १०० भागिले १२७ च्या इतकं जवळ आहे की दीडच्या जागी १.४९९७ पिच मिळतो, म्हणजे पंचवीस मिलिमीटर लांब आट्यात पाच मायक्रॉनचा फरक. नट-बोल्टला कुणी विचारणारही नाही. ३७ वरती, ४७ शी जोडलेला ३० आणि शेवटी ५०, अशी गाडी लावा.

ही जोडी मी नायलॉनमध्ये थ्रीडी प्रिंट करून पाठवते. तोंड वाकडं करू नका. आटे पाडताना चेंज गिअरवर फारसा जोर नसतो, आणि चुकून कॅरेज चकवर गेलंच तर आधी नायलॉन मोडेल, तुमचा लीड स्क्रू वाचेल. मूळ संख्येचा १२७ वाला गिअरही प्रिंटरला इतर कुठल्याही गिअरइतकाच सोपा. फक्त सारखा चालणाऱ्या बारीक फीडसाठी (टूल आपोआप पुढे सरकवण्यासाठी) प्लास्टिक नको, तिथे धातूच.

आता बॅकप्लेट. ती तुम्ही करायची, बाबा. मी करून पाठवली तर ती माझ्या स्पिंडलवर खरी होईल, तुमच्या नाही. बिडाचा ब्लँक पाठवते. तुमच्या स्पिंडलचं नाक सव्वा इंचाला पाव सूत कमी वगैरे काही नाही, सरळ एक इंच एक सूत, इंचाला १२ आटे, व्हिटवर्थ म्हणजे ५५ अंशांचे. त्यामागचं रजिस्टर, म्हणजे आटे नसलेला गुळगुळीत गोल भाग, सव्वा इंच. अडचण तुम्हाला ठाऊकच आहे: ब्लँक जुन्या चकमध्ये धरला की नाक चकखाली झाकलेलं, मग आतले आटे तपासायचे कशावर? म्हणून आधी एका सळईवर स्वतःच्या नाकाची हुबेहूब नक्कल करा, आटे, रजिस्टर आणि खांद्यासकट. जुन्या चकच्या बॅकप्लेटमध्ये ती घालून बघा; तिथे जशी बसते तशीच नव्या प्लेटमध्ये बसली पाहिजे. मग त्या गेजवर आतले आटे काढा. आटे नुसते ओढून धरतात, सेंटर सांभाळतं ते रजिस्टर आणि खांदा. त्यामुळे आटे थोडे मोकळे झाले तरी चालतील, रजिस्टरला मात्र हात आखडता ठेवा. नंतर प्लेट उलटवून थेट स्पिंडलवर चढवा, आणि चक ज्या पायरीवर बसतो ती पायरी तिथेच, चढवलेल्या अवस्थेत कापा. गेज नंतर आईच्या डब्यात जाऊ दे. पुढे फेसप्लेट किंवा कॉलेट चक करायचा झाला तर तोच कामी येईल.

क्रॉस स्लाइडचा स्क्रू आणि नट मात्र करायच्या भानगडीत पडू नका, विकत घेऊ. हौशी लोक अ‍ॅसिटल प्लास्टिकचा ठोकळा दोन तुकडे करून, स्क्रू गरम करून त्याच्याभोवती दाबतात आणि अजिबात प्ले नसलेला नट काढतात. युक्ती चांगली आहे, पण जास्त तापलं तर त्यातून फॉर्मल्डिहाइडचा धूर निघतो, आणि तुमच्या खोलीला एक खिडकी आहे तीही आई मांजरासाठी बंद ठेवते. त्याआधी एक तपासून बघा: स्लाइड नेहमीच्या मधल्या जागेत असताना हँडलचा रिकामा फेर किती, आणि अगदी टोकाला नेल्यावर किती. टोकाला कमी भरला तर स्क्रू मध्येच झिजलाय, मग नुसता नवा नट घालून काही होणार नाही. दोन्ही सारखे असले तर फक्त नट पुरेल.

स्टेडीचं (लांब कामाला मध्ये आधार देणाऱ्या जोडाचं) तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी देतोय असं आई म्हणाली. व्ही बेडवरची असली तर नको, तुमचा बेड सपाट आहे. सपाट बेडची असेल तर सेंटर हाइट, म्हणजे बेडपासून मध्यापर्यंतची उंची, विचारा. तुमची साडेतीन इंच. त्याहून कमी असेल तर खाली पॅकिंग देता येतं, जास्त असेल तर हात जोडून परत करा.

गिअरची मापं आधी पाठवा, कटर आणि प्रिंटर दोन्ही त्यासाठी थांबलेत. आई, मापं तूच लिही. बाबांचा ३ आणि ८ मला ओळखू येत नाही.

तुमची,
थोरली

ता. क. बाबा, लेथवरचे निपल ग्रीसचे दिसतात, पण ते तेलाचे आहेत. कुणी मदतीला आला आणि ग्रीस गन घेऊन उभा राहिला तर हात धरा. आणि स्पिंडल हलतोय असं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बेअरिंगच्या टोप्या उघडू नका. त्याखालचे शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) थराथरांचे असतात, एकेक पापुद्रा सोलून बेअरिंग घट्ट करता येतं. कुठला कुठून निघाला हे मिसळलं तर बसवताना पंचाईत होते.